एका अक्षरापायी तीन गावं

ये गं अनू, अशी जवळ सरक. बंगळुरात बसून सरकू कशी म्हणशील, तर खुर्ची पुढे ओढ आणि कागद डोळ्यांशी धर. आधी चार बोलणी खा. मावशीचा फोन वाजत ठेवायचा, निरोपापुढे निळ्या खुणा उमटवायच्या आणि उत्तर म्हणून द्यायचं नाही, ही कुठली रीत? प्रकाशकांनी तीनदा विचारलं, दुसरी आवृत्ती काढायची आहे, दुरुस्त्या पाठवा. त्यांनाही तू गप्प. शेवटी त्यांनी तुझ्या नावानं आलेली वाचकांची पत्रं बार्शीला पाठवली, कारण तू त्यांना माझाच पत्ता दिला होतास. पाकीट मी फोडलं. रागव. पण सगळा राग इथेच संपवू नकोस, पुढे लागणार आहे.

आणि हे बघ, तू हो म्हणालीस तर हे मी आपल्या मंडळाच्या हस्तलिखित अंकाला देणार आहे. म्हणून तुला ठाऊक असलेलंही सांगत जाईन. कंटाळू नकोस.

तर माझ्या भाचीनं कादंबरी लिहिली, ‘एकच प्लग’. नाव ऐकून मला आधी विजेच्या दुकानाची जाहिरात वाटली. नेहा आणि ऋत्विक, दोघं तिशीतले, दोघं नोकरीवाले. पलंगाशेजारी भिंतीत एकच प्लग आणि फोन दोन. कुणी कुणाला मारत नाही, कुणाचं बाहेर काही नाही. नुसतं बोलणं आटत जातं, उन्हाळ्यात आड आटतो तसं. शेवटच्या पानावर नेहा बॅग घेऊन दारात उभी राहते. ऋत्विक फोनमध्ये. ती एक शब्द बोलते. तो मान वर न करता म्हणतो, “हं.” संपलं पुस्तक.

तो एक शब्द अनूनं लिहिला होता “जाते”. पुस्तकात छापून आला “येते”.

ते मी केलं, अनू.

तू नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आठ महिने राहिलीस, माळ्यावरच्या खोलीत बसून लिहिलंस. शेवटची प्रुफं आली तेव्हा तू कोर्टाच्या तारखेला पुण्याला गेली होतीस. म्हणालीस, मावशी, ऱ्हस्व-दीर्घ बघून कुरियरला टाक. मी सातवी शिकलेली बाई, पण वाचून वाचून एवढी झालेय की बार्शीतल्या दुकानांच्या पाट्यासुद्धा मला सोसत नाहीत. लाल पेन घेतलं. शेवटच्या पानावर आले आणि “जाते” बघून हात थबकला. उंबऱ्यात उभं राहून जाते म्हणतं का कुणी? बाईमाणूस चहाची पावडर आणायला निघाली तरी येते म्हणते. ‘जा’वर काट मारली, वर ‘ये’ लिहिलं. एक अक्षर.

पुस्तक हातात आल्यावर तू शेवटचं पान उघडून बसूनच राहिलीस. मग प्रकाशकांना फोनवर नाही नाही ते बोललीस. “प्रेसवाल्यांचा गाढवपणा,” मला म्हणालीस. मी शेंगा सोलत होते. सोलत राहिले. आठ दिवसांनी बंगळुरची नोकरी घेतलीस आणि निघताना माझ्या दारात म्हणालीस, “जाते, मावशी.” त्याला सात महिने होत आले. एक ओळ लिहिलेली नाहीस म्हणे, आणि यापुढे लिहिणारही नाहीस.

पाकिटात पत्रं थोडकीच होती, पण तीन एकमेकांशेजारच्या गावांची निघाली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. अंबरनाथला माझी चुलत जाऊ शालन राहते. म्हटलं, जाऊन बघू तरी, माझ्या अक्षरानं लोकांचं काय केलं ते. खरं सांगू? बदलापूरच्या पत्रात एकच ओळ होती आणि ती वाचून मी मनातल्या मनात फुगले होते. “शेवट वाचून मी भरलेली बॅग परत माळ्यावर ठेवली. धन्यवाद.” बघा, म्हटलं, एक संसार वाचवला मी. ते गाव म्हणून शेवटाला ठेवलं, जेवणानंतरच्या गोडासारखं.

उल्हासनगर

गाडीतलं काही सांगत नाही, बसले आणि उतरले. शालन न्यायला आली होती. “अक्का, एवढी चटणी कुणासाठी? दुकान टाकायचंय काय?” वाचकांसाठी एकेक पुडा शेंगाचटणीचा नेला होता, आणि शालनसाठी दोन.

दुसऱ्या दिवशी कॅम्पात गेलो. उल्हासनगरला वाडी, पेठ, आळी म्हणत नाहीत. कॅम्प एक, कॅम्प दोन असे आकडे. फाळणीनंतर सिंधी माणसं इथं येऊन टेकली, तेव्हाची नावं. टेकली ती राहिलीच, आणि गावाला नाव मात्र मुक्कामाचं राहिलं. गल्लीत दुकानाला दुकान चिकटलेलं, वर तारांचं जाळं, खाली जीन्सच्या कापडाचे गठ्ठे. त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका पायानं घसटत मी हेमलताच्या दुकानात शिरले, म्हणजे तुझी वाचक माझ्या पायाकडे बघूनच आधी हसली.

हेमलता ब्लाउज शिवते. पाच जणींनी मिळून तुझं एक पुस्तक घेतलं आणि आळीपाळीनं वाचलं. पत्र मात्र तिनं एकटीनं लिहिलं होतं, चांगलं दोन पानी, रागाचं.

शेजारच्या दुकानातली भगवंती आंटी लगेच भाजलेला पापड आणि पाणी घेऊन आली. आपण गूळपाणी देतो तसा इकडे पापड. उन्हातून आलेल्या माणसाला खारट द्यायचं, मला पटलं. ओळखपाळख नसताना दिला, हे जास्त पटलं.

“काकू, तुमच्या भाचीला सांगा,” हेमलता मशीन न थांबवता म्हणाली, “एक तरी ताट फोडायचं होतं तिच्या नेहानं! दोनशे पानं वाचली मी. आत्ता भांडतील, मग भांडतील. काय नाय. शेवटी येते म्हणून बाजारात गेल्यासारखी गेली. मग लिहिलंच कशाला?”

तिची मुलगी सायली कोपऱ्यात हूक लावत होती. ती उसळली. “मम्मी, तोच तर पॉइंट आहे ना! आमच्या ऑफिसमध्ये अर्ध्या जणींचं सेम आहे. भांडायला पण टाइम पाहिजे.”

“मग ती परत येणार की नाही, ते सांग.”

“नाही येणार. घोस्ट केलंय तिने त्याला.”

“भूत कुठनं आलं यात?”

“अगं, घोस्ट म्हणजे काही न सांगता गायब… जाऊ दे, तुला नाही कळणार.”

भगवंती आंटीला सगळी गोष्ट पाठ होती. शिवता शिवता हेमलतानं तिला हिंदीतून सांगितली होती, हप्त्याहप्त्यानं. ती म्हणाली, “लड़की संस्कारी है. ‘आती हूँ’ बोलके गई ना? तो आएगी. जानेवाली ऐसा थोड़ी बोलती है.”

मग तिघी माझ्याकडे वळल्या. तुम्ही लेखिकेच्या मावशी, तुम्ही सांगा, येते की जाते?

मी पापड मोडत बसले. सायलीचं बरोबर आहे म्हणावं तर छापलेला शब्द तिच्या विरुद्ध. आंटीचं बरोबर म्हणावं तर तो शब्द माझा, तुझा नव्हे. “वाचणाऱ्यानं ठरवायचं,” म्हणाले. ऐकायला किती शहाणं वाटतं बघ. चोराला असंच सुचतं.

हेमलतानं चपलेला दोन टाके घालून दिले आणि निघताना म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका हां, काकू. पण शेवट फसलाय. पूर्ण पुस्तक एका बाजूला चाललंय आणि तो शब्द भलतीकडेच.”

अंबरनाथ

सकाळी शालनच्या गॅलरीत उभी राहिले तर सगळीकडे करडं. हे धुकं नव्हे, म्हणाली, कारखान्यांचं आहे, नाकाला पदर लाव. जुनं शिवमंदिर दाखवायला घेऊन गेली. दगडात अशी नाजूक माणसं कोरलीत की आपण हळू बोलावं. आणि शेजारून जो ओहळ वाहतो त्याचं पाणी शाईसारखं, वर फेस. आमच्याकडे पाण्याला वास येतो तो नसल्याचा. इथं पाणी आहे आणि बघवत नाही. देवाला मी काही मागितलं नाही. काय मागणार, अक्षर?

दुपारी रोकडे मास्तरांकडे गेलो. शाळेतले मास्तर नव्हेत. फॅक्टरीत फिटर होते, हाताखाली पोरं शिकवली म्हणून सगळे मास्तर म्हणतात. कामगार वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, निळा रंग, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट, प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर. बायको जाऊन चार वर्षं झाली. चहा त्यांनी स्वतः केला आणि बशा उन्हाकडे धरून पुसल्या.

त्यांचं पत्र छोटं होतं. पुस्तक उत्तम आहे, पण त्यातला एक पार्ट चुकीचा बसला आहे, एवढंच. मी विचारलं, कुठला?

“बाई, मी पस्तीस वर्षं फिटिंग केलं,” ते म्हणाले. “मूळचा पार्ट आणि मागाहून बसवलेला पार्ट डोळ्याला सारखा दिसतो. हाताला नाही दिसत. पान एक्केचाळीस काढा.”

मी काढलं. त्यांनी आपल्या प्रतीत तिथं सिगारेटच्या पाकिटाचा चांदीचा कागद घातला होता. वाचा म्हणाले. मी मोठ्यानं वाचलं.

“आमच्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही. सासूबाई पिठाच्या गिरणीत निघाल्या तरी ‘येते’ म्हणतात. एक दिवस मी ‘जाते’ म्हणून बघणार आहे. ऋत्विकला ऐकू येईल ना?”

“आता शेवटचं पान,” मास्तर म्हणाले. “ती येते म्हणते, तो हं म्हणतो. यात काय झालं? रोज होतं तेच झालं. पण तिथं ‘जाते’ ठेवून बघा. बाईनं कधी नाही ती अक्षरं उच्चारली, अन् गडी तरी म्हणतो हं! त्याला ऐकूच आलं नाही. आता बसला का पार्ट?”

शालन म्हणाली, “आई गं.” तिनं पुस्तक वाचलेलं नाही. तरी म्हणाली.

अनू, ते एक्केचाळिसावं पान मी तपासलं होतं. ‘गिरणीत’मधली दीर्घ वेलांटी तिथं मीच दुरुस्त केली होती. वेलांट्या बघत होते गं, वाक्य बघितलंच नाही.

मी सांगून टाकलं. “मास्तर, तो पार्ट मी बदलला.” आणि का ते पण सांगितलं, जे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आईला दवाखान्यात नेत होते, तेव्हा ती गडबडीत रिक्षात बसताना मला म्हणाली, “जाते गं सुमे.” मी म्हणायला पाहिजे होतं, येते म्हण. नाही म्हणाले. ती आली नाही. त्या दिवसापासून हा शब्द मी कुणाला माझ्यादेखत बोलू दिलेला नाही. कागदावरसुद्धा.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कप बशीत सरळ ठेवून म्हणाले, “पार्ट परत बदलता येतो, बाई. पण दरम्यान मशीन चाललेली असते, तिचं काय?”

मला बदलापूरचं पत्र आठवलं. रात्री शालननं बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी केली होती. एरवी मी तीन खाल्ल्या असत्या.

बदलापूर, खरवई

शालनच्या गुडघ्यांनी संप केला, म्हणून मी एकटी निघाले. अंबरनाथहून बदलापूरकडे रिक्षानं जाताना मध्ये चिखलोली लागतं. माळावर इमारतीच इमारती, निम्म्यांना रंग, निम्म्यांना नुसते सांगाडे. पाटीवर पाटी, ‘स्टेशनपासून दोन मिनिटे’. मी विचारलं, स्टेशन कुठं आहे हो?

रिक्षावाला म्हातारा, तिथलाच भूमिपुत्र. “येनार हाय.”

“कधी?”

“येनार हाय म्हन्तान ना! आमची शेती गेली, बिल्डिंगी आल्या, मानसं येऊन राह्यली. आता स्टेशान तेवरा येयाचा हाय.” आणि असा हसला की मला पुढं विचारवेना. इतकी माणसं एका ‘येणार’वर घरं करून राहिलीत, आणि मी शब्दांची शुभाशुभं बघत होते.

खरवईला जुन्या घरांच्या मागं नवा टॉवर, त्यात प्रणालीचं घर नवव्या मजल्यावर. फाटकावर वॉचमननं माझा फोटो काढला, समोरून, वधूपरीक्षेला उभी केल्यासारखा. वर मालकीणबाईंनी फोनमध्ये बघून हो म्हटल्यावर मला आत सोडलं. बार्शीत माझं दार सकाळी उघडतं ते रात्री लागतं, मधे कोण आलं गेलं ते मांजराला विचारावं.

प्रणाली एकतीस वर्षांची. केस वर बांधलेले, चेहरा मऊ. घर नीटनेटकं. आतल्या खोलीत नवरा, निखिल, कानाला ते लावून घरून नोकरी करत होता. दार उघडं होतं, त्यानं मान हलवली. मला की स्क्रीनला, कळलं नाही.

तिनं पोहे केले होते. मी चटणीचा पुडा दिला. मग ती हळू आवाजात सांगू लागली.

“काकू, आमच्यात काही प्रॉब्लेम नाही. म्हणजे सांगण्यासारखा नाही. आईला सांगितलं तर ती विचारते, मारतो का? पितो का? मग? नाशिकचं तिकीट काढलं होतं मी. बॅग भरली होती. आणि पुस्तकाची शेवटची वीस पानं राहिली होती, म्हटलं संपवून निघू.” ती हसली. “आणि नेहा येते म्हणाली. मला वाटलं, एवढं सगळं होऊन हीसुद्धा परत येणारच आहे. मग मी कोण मोठी लागून गेले? बॅग रिकामी केली.”

“बरं आहे ना मग आता?” मी विचारलं. अनू, मला हो ऐकायचं होतं. त्या एका होसाठी मी बार्शीहून आले होते.

ती पोह्यातली कोथिंबीर एका कडेला करत राहिली. “तसंच आहे,” म्हणाली.

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. सांगितलं, मूळ शब्द हा नव्हता. बोट ठेवून सांगितलं काय होता, आणि कुणी खोडला.

ती बराच वेळ वाचत होती. दोन शब्द तर वाचायचे. मग ओठांनी नुसतं पुटपुटली. जाते. हं.

“अच्छा,” ती म्हणाली. “म्हणजे त्याला कळतच नाही.”

मी माफी मागितली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, जसं काही मलाच काही झालंय. “चला, तुम्हाला खाली रिक्षा करून देते.” चपला घातल्या, किल्ली घेतली. दार उघडलं. मग उंबऱ्यात थांबली, आतल्या खोलीकडे वळली आणि चांगल्या मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली,

“निखिल, जाते.”

आतून आवाज आला, “हं. येताना दूध आण.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “ऐकलंत ना, काकू?”

लिफ्टनं आम्ही दोघी नऊ मजले उतरलो. फाटकापाशी तिनं रिक्षा थांबवली, मला हाताला धरून बसवलं. मी म्हटलं, आता गं? ती म्हणाली, “आता दूध.” कोपऱ्यावर रिक्षा थांबवून मी मागून बघत राहिले. डेअरी समोरच होती. ती गेली, रांगेत उभी राहिली. दोन पिशव्या घेतल्या, घराकडे वळली. मी बघितलं सगळं.

बार्शी

येऊन पंधरा दिवस झाले. शालनचे गुडघे बरे आहेत. हेमलताला चटणी तिखट लागली म्हणे, आंटीला पापडाबरोबर आवडली. प्रणालीला मी दोनदा फोन केला. उचलते. बरी आहे म्हणते.

प्रकाशकांना मी अजून काही कळवलेलं नाही. तुझ्या पुस्तकात पुन्हा हात घालायचा हक्क मला नाही. माझ्या प्रतीत एक्केचाळिसाव्या पानावर आता मास्तरांचा तो चांदीचा कागद आहे, त्यांनी तुझ्यासाठी दिलाय. शेवटच्या पानावर काय छापायचं ते तू सांग. आणि मंडळींना कळू दे की गाढवपणा प्रेसवाल्यांचा नव्हता. त्यांची तेवढी माफी माग बाई माझ्या वतीनं.

एकच गोष्ट राहिली. तू निघालीस तेव्हा दारात “जाते, मावशी” म्हणालीस, ते वर लिहिलं. पण मी काय म्हणाले ते लिहिलं नाही, ते लिहायला मला तीन गावं फिरावी लागली. मी म्हणाले, “येते म्हण गं.” तू वळलीस सुद्धा नाहीस. त्या ऋत्विकला ऐकूच आलं नव्हतं. मला आलं होतं, आणि मी विचारलं नाही का जातेस. चूक काढली.

म्हणून म्हणते, ये. संक्रांतीची वाट बघू नकोस, पुढच्या सुट्टीलाच ये. माळ्यावरची खोली झाडून ठेवलीय, तुझ्या टेबलापाशी आता दोन प्लग करून घेतलेत. चार दिवस राहा, बोलू नकोस वाटलं तर. आणि निघताना दारात तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. जाते म्हणालीस तर मी खाली बसेन आणि विचारेन, का गं. दुरुस्त करणार नाही.